पिक्चरातल्या बाईसारखं

मालवणजवळच्या त्या काजूच्या कारखान्यात आनंदीला कुणी आनंदी म्हणत नसे. आनंदी कोण असं विचारलंत तर मुकादमसुद्धा डोकं खाजवत बसला असता. पण 'पिक्चरवाली खंय बसता?' म्हटलंत की अख्खी रांग एका बाजूला बोट दाखवी.

कारखाना कसला, पत्र्याची एक लांबलचक शेड. बायका दोन रांगांत पाटांवर बसायच्या. समोर दगड, हातात लाकडी दांडकं, बाजूला करवंटीत राख. राखेत बोटं घोळवायची आणि भाजलेली बी फोडायची. राख नसली तर टरफलातल्या तेलानं कातडं सोलून निघतं. काम करताना बोलायचं नाही असा मुकादमाचा दंडक होता. बोललं की हात थांबतात म्हणे! बायकांचे हात बोलताना थांबतात असं ज्याला वाटतं, त्यानं जन्मात कधी मासळीबाजार बघितलेला नसतो. पण जाऊ दे. आनंदीला मात्र मुभा होती. ती पिक्चर सांगायला लागली की हात उलट भराभर चालतात, हे त्याच शहाण्याच्या ध्यानात आलं होतं.

तिचा नवरा बाबली टूरिंग टॉकीजच्या तंबूत दारावर उभा असायचा. दिवाळी उलटली की मैदानात तंबू पडायचा, तो पाऊस तोंडावर येईपर्यंत. घरात व्हिडिओ ही भानगड तेव्हा मुंबईतसुद्धा नवलाची होती. मैदानात तंबू असला की आनंदी रोज तिथे, एकेक पिक्चर चार-चारदा. शाळेचं तोंड तिनं तिसरीपर्यंत बघितलं होतं, पण डोकं असं की एकदा कानावर पडलेलं वाक्य पुसलं जायचं नाही.

आणि सांगायची कशी! नुसती गोष्ट नव्हे. हिरोचं बोलणं आलं की पदर खोचून उठायची, दांडकं उगारायची आणि असा आवाज काढायची की पत्र्यावरची कबुतरं उडत. "खबरदार! एक पाऊल पुढं टाकलंस तर इथंच गाडीन!" बायका खूष. मग हिरोइन यायची. आनंदी बसायची, पदर डोक्यावर घ्यायची, मान खाली, आवाज अगदी तळाला नेऊन म्हणायची, "माझं काही चुकलं असेल तर मला हवी ती शिक्षा करा, पण या पायांपासून मला दूर लोटू नका." की बायकांच्या डोळ्यांना धारा. राखेचे हात, डोळे पुसायचीही सोय नाही, तशाच दंडावर डोळे टिपत.

एकटी जन्नतबी तेवढी रडत नसे. आनंदीच्या शेजारचाच पाट तिचा. आनंदीची तिच्याशी मैत्री कशी जमली देवाला ठाऊक, कारण ती प्रत्येक पिक्चरात तंगडी घालायची.

"गो, त्या मेल्यान तिका घराभायर काढल्यान, आणि ही तेचे पाय धरता? तोंडात जीभ आसा का नाय तिच्या?"

"पिक्चर आसा तो, जन्नत."

"माका ठावक आसा पिक्चर आसा. पण हिरो बोंबलता, व्हिलन बोंबलता, म्हातारो बापूसपण बोंबलता. ही बायलच तेवढी पुटपुटता ती कित्याक?"

एकदा जन्नतबीला गप्प करायचं म्हणून आनंदीनं हिरोइनला बोलतं केलंही. नवरा दारूच्या धुंदीत काठी घेऊन येतो, तर आनंदीच्या हिरोइननं त्याला मालवणी हिसका दाखवला, "तुझ्या आवशीक घो! हात लाव, मगे दाखवतंय तुका!" शेडमध्ये खसखस पिकली. पण थोड्या वेळानं बायकाच कुरकुरल्या. आज रडूक नाय गावला, पिक्चराची पार वाट लावलंस, हिरोइन कधी असा बोलता? झालं. दुसऱ्या दिवसापासून हिरोइन पुन्हा पायाशी. या बायका स्वतः बाजारात एका बांगड्यावरून समोरच्याची सात पिढ्यांची आठवण काढणाऱ्या, पण पडद्यावरची बाई त्यांना गरीब गायच हवी. त्यात आनंदीचा एकटीचा दोष होता असं मी म्हणणार नाही.

आनंदीला एकच मुलगी, कावेरी. लहानपणापासून तिच्या कानावर हेच. आनंदी भाकऱ्या थापताना वाक्यं घोळवायची आणि कावेरी चुलीपाशी बसून ऐकायची. तिचं लग्न इन्सुली गावच्या मधूशी झालं. हायवेवर पंक्चरचं दुकान, घरी आई राधाबाई, शेजारी काका अप्पा, निवृत्त शिक्षक. स्थळ चांगलं, असं सगळेच म्हणाले. चांगलं स्थळ म्हणजे काय, तर जे लांबून चांगलं दिसतं ते!

वर्ष सरलं नाही तोच कावेरी एका दुपारी एकटीच एसटीतून उतरली. पिशवीसुद्धा बरोबर नव्हती. आनंदी डाव्या बाजूनं तिच्याशी बोलली, तर तिला ऐकूच आलं नाही. मधूनं कानाखाली लोखंडी पट्टी मारली होती, टायर काढायची. कानातून रक्त आलं आणि मग ऐकू येणंच बंद झालं. आमटीत मीठ जास्त पडलं होतं म्हणे.

"आये, माका परत धाडू नको," ती म्हणाली. रडली नाही. "तू बोल तेंच्याकडे. बाबांका जमूचा नाय. तू बोल. तू बोललंस तर कोणाची टाप नाय."

"मी बोलतंय. तू थंय पाय टाकशील तर माझ्या मढ्यावरसून," आनंदी म्हणाली.

हे तिनं मनापासून म्हटलं होतं. ते ध्यानात ठेवा, कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक तिच्या नावानं बोटं मोडतील. आई म्हणून ती काही कमी नव्हती.

चार दिवसांनी सासरची माणसं बोलणी करायला आली. मधू, राधाबाई, अप्पा आणि गावातली दोन-तीन मोठी माणसं. आदल्या दिवशी आनंदीनं शेडमध्ये जन्नतबीसमोर सगळं बोलून दाखवलं होतं. "माझ्या चेडवाचो कान फोडलास, मेल्या. आता तिची सावलीपण तुका दिसाची नाय. चल, ऊठ, चाय पी आणि वाटेक लाग." जन्नतबीनं दांडकं आपटून दाद दिली होती. एवढं बोललीस की काम झालं, म्हणाली.

ओटीवर सतरंजी अंथरली. बाबली कोपऱ्यात हात जोडून बसला. चार माणसांत त्याची दातखीळ बसायची, ते सगळ्यांना ठाऊक होतं. पुरुष सगळे सतरंजीवर. आनंदी दाराच्या चौकटीला धरून उभी, पदर डोक्यावर. आत स्वयंपाकघरात कावेरी, चांगला कान दाराकडे करून.

अप्पांनी चष्मा पुसला. माणूस वाईट नव्हता. मऊ, शुद्ध, शाळेतल्या मराठीत म्हणाले, "झालं ते झालं. मधूचा हात उठायला नको होता, हे मला मान्य आहे. पण संसार म्हटलं की भांड्याला भांडं लागणारच. आता कावेरीच्या आईनं बोलावं. काय मनात असेल ते मोकळेपणानं मांडा. शेवटी निर्णय आईच्या काळजाचा."

सगळ्यांच्या माना वळल्या. आणि इथंच घात झाला.

अप्पा ज्या भाषेत बोलले, त्या भाषेतच उत्तर द्यायला हवं, असं आनंदीला वाटलं. मोठ्या माणसासमोर, लेकीच्या जन्माच्या गोष्टीवर, 'मेल्या' आणि 'वाटेक लाग' कसं चालेल? आमच्याकडे असंच आहे. कचेरीत गेलं, डॉक्टरकडे गेलं, की जीभ आपोआप सरळ होते. ज्याला येते त्याची सरळ होते. आनंदीला ती भाषा कुणी शिकवली होती? शाळेनं नाही, कचेरीनं नाही. तंबूनं शिकवली होती. तिच्या तोंडात जेवढी शुद्ध मराठी होती, ती सगळी पडद्यावरून उतरलेली.

त्यात हिरोचंही बोलणं होतंच की! 'खबरदार' तिच्या ओठावर आलं. खरंच आलं, पुढं तिनं स्वतः जन्नतबीला सांगितलं. पण ते बोलायचं म्हणजे पदर खोचायला हवा, छाती काढायला हवी, दांडकं हवं. ते पुरुषाचं बोलणं. शेडमध्ये बायकांत ठीक आहे, पण इथं विहीण म्हणून, पदर घेऊन, पुरुषांच्या बैठकीसमोर ती उभी होती. जीभ चाचपडत राहिली, आणि पदर घेतलेल्या बाईनं बोलायचं जे असतं तेच तिच्या हाती लागलं.

"भाऊ," ती म्हणाली. आवाज आपोआप तळाला गेला. "मी एक अडाणी आई. मी काय बोलणार? लेक दिली त्या दिवशीच ती तुमची झाली. तिचं काही चुकलं असेल तर लेकरू समजून पदरात घ्या. तिच्या कुंकवाशिवाय मला या जगात दुसरं काही नको."

अप्पांनी चष्मा काढून डोळे टिपले. राधाबाई उठली, गळ्यात पडली आणि हुंदके देऊ लागली. एक म्हातारा म्हणाला, "वा! आई असावी तर अशी!" बाबलीसुद्धा रडत होता. आणि मी खोटं कशाला बोलू, क्षणभर आनंदीलाही बरं वाटलं. समोरची माणसं रडली की तिला नेहमीच बरं वाटायचं. सवय हो, दुसरं काय!

मग तिनं आत बघितलं. कावेरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिचा चेहरा अगदी कोरा होता. ती मागं वळली आणि दोरीवरचं लुगडं काढून घडी घालू लागली.

तेव्हा आनंदीच्या पायाखालची जमीन सरकली. "नाय, नाय! माका असा नाय म्हणूचा होता! मी धाडूचंय नाय! ऐका माझा!" ती ओरडली. पण आता कोण ऐकतो? अप्पा गालातल्या गालात हसले आणि म्हणाले, "आईची माया. निरोपाच्या वेळी व्हायचंच असं." राधाबाईनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. बाबली म्हणाला, "गप रव गो, इतक्या बरा बोललंस आणि आता कित्याक नाट लावतंस?" शुद्ध बोललेलं खरं धरलं गेलं आणि मालवणीत बोललेलं बाईचं वेड ठरलं. लेक दुपारच्या गाडीनं गेली. जाताना पाया पडली, पण डोळे वर केले नाहीत.

त्याच संध्याकाळी शेडमध्ये जन्नतबीला कळलं तेव्हा ती आनंदीला फाडून खाईल असं सगळ्यांना वाटलं होतं. तिनं एवढंच विचारलं, "तू काय बोललंस गो?" आनंदीनं शब्दन् शब्द सांगितला. त्यावर जन्नतबीनं हातातलं दांडकं खाली ठेवलं आणि इन्सुलीच्या पहिल्या गाडीची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दोघी एसटीत बसल्या. बाबलीनं आडकाठी केली नाही, सोबतही केली नाही. वाटेत आनंदीनं काय बोलायचं त्याची उजळणी केली नाही. पाठ करून काही बोलायची तिला आता भीती वाटत होती.

मधूचं घर हायवेला लागूनच. राधाबाईनं दार उघडलं आणि कालची गळामिठी विसरून कपाळाला आठी घातली. "आता काय आणि?"

"चेडू न्हेवक इलंय," आनंदी म्हणाली.

राधाबाईनं आत वळून हाक मारली. कावेरी उंबऱ्यापर्यंत आली. पदर डोक्यावर, मान खाली, हात पुढं बांधलेले. आनंदीला वाटलं, ही आता 'आये गो' म्हणून गळ्यात पडणार.

"आई, तुम्ही कशाला आलात?" कावेरी म्हणाली. हळू, गोड, एकेक शब्द स्वच्छ. "मी इथे सुखात आहे. बाईच्या जातीला तिचं घर म्हणजेच सगळं. माझी काळजी करू नका. तुम्ही जा."

"ऐकलास?" राधाबाई म्हणाली.

आनंदीनं ऐकलं होतं. दुसऱ्या कुठल्या बाईनं यावर विश्वास ठेवला असता, रडत रडत परतही गेली असती. पण आनंदीला असल्या वाक्यांची नस न् नस ठाऊक. माणूस आपल्या मनानं असं बोलत नाही. बोलायला दुसरं काही उरलं नाही की असं बोलतं. आणि हे वाक्य कुठल्या चुलीपाशी ऐकून पोरीच्या तोंडात बसलं, तेही तिला पुरतं कळलं.

ती अंगणात फतकल मारून बसली आणि तिनं तोंड सोडलं. आणि काय सोडलं म्हणता! कानाचं सांगितलं, पट्टीचं सांगितलं, मिठाचं सांगितलं. मधूच्या आज्यापणज्याला वर काढलं. "तुझो हात झडलो तो, पट्टी धरणारो! माझ्या चेडवाक भैरा केलास! सांग, सगळ्यांका सांग तू काय केलंस ता!" हायवेवरचे ट्रक थांबले. ड्रायव्हर खाली उतरले. पंक्चरच्या दुकानापुढं माणसांची रीघ लागली. आनंदीच्या आवाजाला धार होतीच, आता तिला आवर घालणारं कुणी नव्हतं. शेजारी जन्नतबी. आनंदी श्वास घ्यायला थांबली की तेवढी जागा ती भरून काढी.

अप्पा धावत आले. "विहीणबाई, हे तुम्हाला शोभत नाही. काल आपण किती सुंदर बोललात!"

"काल मी मेल्लंय होतंय, अप्पा," आनंदी म्हणाली. "माका शोभूक नको. माका माझा चेडू व्हया."

तेवढ्यात मधू दुकानातून आला, गर्दी बघून बिथरला, आणि सरळ सासूवरच हात उगारला. सगळ्या ट्रकवाल्यांदेखत, अप्पांदेखत. हात हवेतच राहिला, कारण जन्नतबी मध्ये उभी राहिली होती. पण दिसायचं ते सगळ्यांना दिसलं. अप्पा खाली बघत म्हणाले, "राधावहिनी, पोरीला जाऊ दे. घराची शोभा झाली तेवढी पुरे."

कावेरी बाहेर आली. दंडावर नवा वळ होता, कालचाच. ती आईच्या समोरून गेली आणि जन्नतबीच्या पलीकडं उभी राहिली.

तर लेक परत मिळाली. गावानं म्हटलं, आनंदीनं मैदान मारलं. मारलं खरं.

कावेरी त्याच शेडमध्ये कामाला लागली, आनंदीच्याच रांगेत. जन्नतबीशी ती भांडते, मुकादमाला तोंडावर बोलते, घरात मांजराला शिव्या घालते, सगळं मालवणीत, अगदी आईवर गेल्यासारखी. आईशी मात्र तसं नाही. आईशी बोलायचं म्हटलं की मान खाली, आवाज तळाला. "जेवण वाढलं आहे. जेवून घ्या." "तुम्ही दमला असाल." कधी वर आवाज नाही, कधी उलट शब्द नाही. शेजारणी आनंदीला म्हणत, भाग्यवान आहेस बाई. आनंदीला वाटे, हिनं एकदा तरी ताट भिरकावून द्यावं.

आनंदीनं पिक्चर सांगणं सोडलं. बायकांनी विनवण्या केल्या, मुकादमानं सांगून बघितलं, तिनं तोंड उघडलं नाही. तंबूकडेही ती फिरकली नाही.

अशी दोन-तीन वर्षं गेली. एका दुपारी, शेडमध्ये सगळी टकटक चालू असताना, आनंदीचा बांध फुटला. तिनं दांडकं टाकलं आणि राखेच्या हातांनी लेकीचं मनगट धरलं.

"कावेरी, माका काय ता बोल गो. गाळी घाल. त्या दिवशी तुझो घात केलंय मी, माका म्हायत आसा. थोबाडात मार माझ्या. पण माझ्याकडे अशी बोला नको. तुझ्या पाया पडतंय, अशी बोला नको."

आजूबाजूची दांडकी थांबली. कावेरीनं मनगट हलकेच सोडवून घेतलं, बोटं राखेत घोळवली आणि खाली बघत म्हणाली, "असं म्हणू नका, आई. तुमची काहीच चूक नाही. दोष माझ्या नशिबाचा."

जन्नतबीनं तोंड फिरवलं. पलीकडच्या रांगेत नुकतीच कामाला लागलेली एक पोर बसली होती. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. तिनं दंडावर डोळे टिपले आणि शेजारणीला म्हणाली, "काय गोड बोलता गो ह्या चेडू! आपल्याक नाय जमाचा असा."